'एआ' म्हणजे नुसता प्राण नव्हे

हवाई बेटे म्हटली की आपल्याकडे गाडी 'अलोहा' या तिथल्या अभिवादनापाशीच थांबते. मला मात्र 'एआ' हा इवलासा शब्द अधिक मोलाचा वाटतो. हवाईयन भाषेत त्याचा अर्थ श्वास, प्राण, वर उठणे आणि सार्वभौमत्वही!

फेब्रुवारी 1843 मध्ये ब्रिटिश नौदल अधिकारी जॉर्ज पॉलेटने तेव्हा स्वतंत्र असलेले हवाईचे राज्य बळकावले. पाच महिन्यांनी, 31 जुलैला, अ‍ॅडमिरल रिचर्ड थॉमसने ते परत केले. त्या दिवशी राजा तिसरा कामेहामेहा म्हणाला, "उआ माउ के एआ ओ का आइना इ का पोनो." हेच आज अमेरिकेच्या हवाई राज्याचे ब्रीदवाक्य आहे आणि त्याचा प्रचलित अर्थ सांगतात, 'भूमीचा प्राण सदाचाराने टिकून राहतो.' पण राजा बोलत होता नुकत्याच परत मिळालेल्या राज्याबद्दल! 'एआ'ला 'प्राण' म्हटले की वाक्य सुविचार होते, 'सार्वभौमत्व' म्हटले की तोच हक्काचा दावा ठरतो. 1893 मध्ये हवाईच्या राणी लिलिउओकलानीची सत्ता उलथवली गेली, हे आठवले की हा फरक फारच बोचतो. म्हणून हे वाक्य छापताना दोन्ही अर्थ द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा