तेजोमेघाच्या फोटोखाली एक ओळ जास्तीची छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही मृगातल्या तेजोमेघाचा, म्हणजे आकाशातल्या वायू-धुळीच्या ढगाचा, गुलाबी-जांभळा फोटो अर्धं पान भरून छापलात, आणि खाली लिहिलंत ‘छोट्या दुर्बिणीतून दिसणारे विलोभनीय दृश्य’. फोटो झकास, वादच नाही. पण त्या ‘दिसणारे’ने माझी गच्चीवर पार पंचाईत केली.

आमच्या बिल्डिंगमधली पाचसहा पोरं कात्रण घेऊनच वर आली. माझ्याकडे साडेचार इंची जुनी दुर्बीण आहे, लावली एम ४२ वर, म्हणजे त्याच तेजोमेघावर. पहिल्या पोराने डोळा लावला आणि म्हणाला, काका काच पुसा ना, धूर दिसतोय. आता त्याला काय सांगणार, धूरच दिसतो रे बाबा! अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, त्यात हायड्रोजनचा तो लाल तर जवळपास दिसतच नाही, त्यामुळे करडा ढग आणि मधे चार बारीक तारे, बास.

रंग खोटा असतो असं नाही हं. डोळा प्रकाश साठवत नाही, कॅमेरा साठवतो. मी स्वतः वेबकॅमने फोटो काढतो, हो, कॉम्प्युटरवर गप्पा मारायचा तोच वेबकॅम. त्याची लेन्स काढून टाकायची आणि जुन्या फिल्म रोलच्या काळ्या डबीला बुडाला भोक पाडून ती वेबकॅमवर चिकटवायची, ही डबी सव्वा इंची आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, जागी बरोबर बसते. साधा वेबकॅम एका फ्रेमला सेकंदाचा छोटासा भागच प्रकाश घेतो, त्यात चंद्र-गुरू मस्त येतात, तेजोमेघ नाही. म्हणून मित्राकडून आतलं सर्किट बदलून वीस-वीस सेकंदांचं एक्स्पोजर, म्हणजे एका फोटोला तेवढा वेळ प्रकाश, मिळवलं, आणि मग दुर्बीण ताऱ्यामागे फिरवायला मोटर लागलीच, कारण पृथ्वी फिरते आणि मोटर नसेल तर एका सेकंदात तारा माझ्या फोटोत दहाबारा पिक्सेल सरकतो.

असे शंभर फोटो काढून सॉफ्टवेअरने एकावर एक रचायचे, की दाणेदारपणा दहापट कमी होतो. शिवाय दुर्बिणीला झाकण लावून तेवढ्याच एक्स्पोजरचे काळे फोटो काढायचे, म्हणजे वेबकॅममधल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचे आपले फुकटचे चमकणारे ठिपके वजा करता येतात. बायको आधी विचारायची, झाकण लावून कसला फोटो काढताय, आता विचारत नाही. या सगळ्याची बेरीज अर्ध्या तासाहून जास्त होते, तेव्हा कुठे तेजोमेघाचे लालसर पंख उमटतात. आणि कृत्तिका? त्या तर मावतच नाहीत, एवढ्याशा चिपवर अख्खा चंद्र बसत नाही आणि कृत्तिका तीन-चार चंद्र ओळीने ठेवावेत एवढ्या पसरलेल्या. त्यांना साधा कॅमेराच बरा. वेबकॅमला शौरी तारकासमूहातल्या एम १३ या तारकागुच्छाचा गाभा नाहीतर स्वरमंडळातला तो अंगठीसारखा तेजोमेघ द्या, खूश.

मोठ्या दुर्बिणींचं तर अजून वेगळंच. हबल या अवकाशातल्या दुर्बिणीने १९९५ साली गरुड तेजोमेघातल्या खांबांचा जो गाजलेला फोटो काढला त्यात हायड्रोजन हिरवा दाखवलाय, खरा तो लाल. शास्त्रज्ञांनी वायू वेगवेगळे ओळखू यावेत म्हणून मुद्दाम तसे रंग दिले, त्यात फसवणूक काहीच नाही, पण ते सांगितलं नाही तर वाचणाऱ्याला कसं कळणार?

तर विनंती एवढीच, असा फोटो छापाल तेव्हा खाली किती मिनिटांचं एक्स्पोजर, कोणती दुर्बीण आणि रंग खरे की दिलेले, एवढं एका ओळीत टाका. जागा नसेल तर ‘विलोभनीय’ काढा, तेवढ्यात बसेल.

बाकी त्या पोराला मी दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर एक फ्रेम दाखवली, मग दहा रचलेल्या, मग शंभर. आता तो रोज संध्याकाळी खालून ओरडतो, काका आज ढग आहेत का?

आपला,
एक जुना वाचक, कराड