लंगोट हुंगून पाहणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

परवा आमच्या लेकीला दोन वर्षे पूर्ण झाली. काट्यावर मोजून दिलेला भात तिने स्वतःच्या हाताने खाल्ला आणि तुमच्या आठवणीने मला घास गिळवेना, म्हणून हे पत्र.

तुमच्याकडे आणले तेव्हा ती आठ दिवसांची होती. पाचव्या दिवशी तिने अंगावर पिणे सोडले होते, हाका मारल्या तरी डोळे उघडत नव्हती आणि मध्येच पाठीची कमान करून चिरक्या आवाजात रडत होती. काकवी आटताना सुटतो तसा गोड, करपट वास तिच्या लंगोटाला येतो, हे मी आधीच्या रुग्णालयात तीनदा सांगितले होते. ‘बाळंतिणी मेथीचे लाडू खातात, त्याचाच वास’ एवढे उत्तर मिळाले आणि जंतुसंसर्गाची औषधे चालू राहिली. मेथी मला सोसत नाही, आईने डिंकाचेच लाडू केले होते. पण मी काय खाते हे तिथे एकालाही विचारावेसे वाटले नाही. त्या तीन दिवसांचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

तुम्ही विचारले. रात्रीचे दोन वाजून गेले होते. माझ्या तोंडून ‘वास’ हा शब्द निघताच तुम्ही हातातले कागद खाली ठेवले, पिशवीतला ओला लंगोट मागून घेतला आणि किळस न करता, घरातल्या आजीने हुंगावा तसा नाकाशी धरला. मग हळूच म्हणालात, “ताई, मेथी खाल्ली होती का?” मी नाही म्हटले. तुम्ही तो पुन्हा हुंगला, आणि त्यानंतर वॉर्डात एकदम धावपळ सुरू झाली.

मेथीला आणि परदेशातल्या मेपल झाडाच्या पाकाला एकाच द्रव्याचा वास असतो, १९५४ मध्ये लेकीच्या या ‘मेपल सिरप युरिन डिसीज’ नावाच्या जन्मजात आजाराचे पहिले वर्णन झाले तेही लघवीच्या त्याच वासासकट, हे तुम्ही नंतर समजावून सांगितले. प्रथिनांतली ल्युसिन आणि तिच्या जातीची आणखी दोन अमिनो आम्ले या मुलांच्या शरीराला पुरती मोडता येत नाहीत, ल्युसिन साचले की मेंदूला सूज येते, आणि म्हणून बाळाला वाढवणारे दूधच तिच्यापुरते मोजूनमापून द्यावे लागणार होते. ‘आईचे दूध बाधले’ अशी घरात कुजबुज सुरू झाली, तेव्हा सर्वांना समोर बसवून, हा दोष आईकडून आणि वडिलांकडून सारखाच आला आहे, यात कुणाचीच चूक नाही, असे तुम्ही स्पष्ट सांगितले, तेही मी विसरलेले नाही.

तपासणीची महागडी यंत्रे इतरत्रही असतील. पण रात्रभर उभ्या असलेल्या डॉक्टरने एका घाबरलेल्या बाईचे म्हणणे खरे मानून घाणेरडा कपडा हातात घ्यावा, ही माणुसकी मी त्या रात्री प्रथम पाहिली. माझ्या शब्दाला किंमत आहे, असे त्या आठ दिवसांत मला तेव्हाच पहिल्यांदा वाटले.

लेक आता चालते, बोलते, भावाशी भांडते. ताप आला की शरीर स्वतःचेच स्नायू मोडू लागते आणि ल्युसिन चढते, म्हणून अशा रात्री मी दर दोन तासांनी उठून तिची चड्डी नाकाशी धरते, तुम्ही तो लंगोट धरला होता तशीच.

आपली कृतज्ञ,
एका लेकीची आई