मागितलं काहीच नाही

प्रिय आई-बाबा,
सा. न. (बाबा, शिकवलेलं विसरले नाहीये!)

फोनवर नीट बोलताच आलं नाही, रेंज सारखी जात होती, म्हणून हे टाइप करतेय, दादाला सांगा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला. भीमाशंकरचं दर्शन झालं. आईने सांगितल्याप्रमाणे बेल वाहिला, एकावन्न रुपये ठेवले. पण खरं सांगू का, एवढ्या पायऱ्या, त्या पण ओल्या, वरून पाऊस, गाभाऱ्यात पुढे चला पुढे चला, त्या गडबडीत देवाशी काय बोलणार डोंबल! ती पोर्तुगीज घंटा मात्र नीट पाहिली बाबा, चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हाची.

दुसऱ्या दिवशी आम्ही मैत्रिणी आहुप्याला गेलो, आणि मला त्याचंच सांगायचंय. गावातले एक काका देवराईत घेऊन गेले. महादेव कोळी समाजाचे, हिरडा गोळा करून विकतात. आत शिरलो आणि एकदम गारच वाटलं, अंधारलेलं सगळं, वर गारंबीचे वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेले, मांडीएवढे जाड. काका म्हणाले इथली वाळकी काटकीसुद्धा कोणी चुलीला नेत नाही, देवाची आहे. हे भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं १९८५ ला, पण ही झाडं त्याच्या कितीतरी आधीपासून निव्वळ देवाच्या धाकाने उभी आहेत, मला तर हे फार भारी वाटलं.

आणि शेकरू दिसलं! आपला राज्यप्राणी, शाळेत नुसतं पाठ केलेलं. मागच्या पायांनी फांदी धरून चक्क उलटं लटकलेलं, पुढच्या दोन्ही पंजात उंबर धरून फिरवून फिरवून खात होतं, पाठ तांबूस, पोट पिवळसर, आणि ती झुपकेदार शेपटी दुसऱ्या बाजूला तोल सांभाळायला लोंबत सोडलेली. आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. खाली आमच्या पुढ्यात साली पडत होत्या.

मी एका मुळावर टेकले. नाइट शिफ्टचं तुम्हाला माहितीच आहे, डोळे मिटले तरी स्क्रीनच दिसते, गोळी घेऊन पण धड झोप नाही. तिथे बसल्या बसल्या डुलकी लागली, भर दुपारी, मैत्रिणी शेजारी बडबडत असताना! जाग आली तेव्हा तोंडातून आपोआप निघालं, देवा, काय करून ठेवलंयस रे हे सगळं. बाबा रोज हरिपाठ म्हणतात तेव्हा मला वाटायचं एवढं रोज रोज काय ते कौतुक देवाचं. आता नाही वाटणार. आई, तुझी यादी (प्रमोशन, फ्लॅट आणि ते तिसरं) पर्समध्येच राहिली, मी मुद्दाम नाही काढली. त्याक्षणी काही मागणं म्हणजे जेवायला बोलावलेल्या घरी जाऊन वर डबा मागण्यासारखं वाटलं.

दिवाळीनंतर तुम्हाला घेऊन जाणारे. बाबांच्या गुडघ्याला भीमाशंकरच्या पायऱ्या झेपायच्या नाहीत, पण आहुप्याला डिंभे धरणाच्या बाजूने गाडी थेट गावापर्यंत जाते, पुढे हळूहळू चालू. स्वेटर घ्या, थंडी असते तिथे. आणि आई, स्थळांचा विषय गाडीत काढायचा नाही, आत्ताच सांगून ठेवते!

तुमचीच,
ताई