पॉइंट सोड, वही कितीला पडते ते बघ

रंकाळा, कोल्हापूर
२० मे

प्रिय संज्या,
सप्रेम नमस्कार.

१५ जूनच्या आसपास शाळा सुरू होणार आणि दोन्ही पोरांच्या याद्या तुझ्या हातात पडल्यात. पॉइंट देणाऱ्या मोठ्या दुकानात सगळं एकदम घ्यावं की महाद्वार रोडच्या बाजारात जावं, असं तू विचारलंयस. माझं मत विचारशील तर ऑफर कुठलीही असो, एक वही हातात कितीला पडली तेवढंच धर.

समज, १०० रुपयांना २ पॉइंट आणि एका पॉइंटाचे २५ पैसे. म्हणजे शंभराला आठ आणे! ३,००० ची खरेदी केलीस तर मिळाले १५ रुपये. डझनानं वह्या घेणाऱ्याला स्टेशनरीवाला छापील किमतीत याहून कितीतरी जास्त सोडतो, तेही जागेवर. काउंटरवर आधी विचार, पॉइंटाचे पैसे किती, किती साठल्यावर वापरता येतात आणि कधी बाद होतात.

कूपनाचं जास्त जपून बघ. ‘२,००० वर २०० चं कूपन’ ऐकायला दहा टक्के वाटतं. खालचं बारीक वाचलंस तर बऱ्याचदा ते पुढच्या खरेदीला असतं, तीही किमान १,००० ची, आणि ठरावीक दिवसांत. म्हणजे ३,००० वर २०० सुटले, सात टक्केसुद्धा नाहीत. शिवाय गारगोटीहून दुसरी खेप; एसटीचं जाणंयेणं त्यातूनच वजा कर. दप्तर, रेनकोट असं नंतर घ्यायचं राहिलं असेल आणि तुझं इकडं काम निघणारच असेल, तर कूपन जरूर घे. नाहीतर दोनशेसाठी नको असलेल्या वस्तूंवर खिशातले आठशे जातात.

‘तीनवर एक मोफत’ मात्र खरंच मोजण्यासारखं आहे. ५० रुपये छापील किमतीच्या २४ वह्या हव्यात असं धर. पैसे १८ चेच द्यायचे, म्हणजे ९००. वही पडली साडेसदतीसला. बाजारात २० टक्के सूट मिळाली तर ती ४० ला, म्हणजे ९६० झाले. इथं मोठं दुकान जिंकलं. पण १५ च वह्या लागत असतील तर १२ चे ६०० द्यायचे, म्हणजे कामाची वही बाजारासारखीच ४० ला पडते आणि सोळावी उगाच गळ्यात. आणि चौरेघी, दुरेघी, एकेरी मिसळून चालतात का ते आधी विचार. काही ठिकाणी चारही एकाच प्रकारच्या लागतात.

छापील किंमतही तपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर यांवर जीएसटी शून्य आहे, कंपासपेटीवर ५ टक्के. जुन्या छापाचा माल असला की किंमत चढी असते आणि तीवरची सूट उगाच मोठी दिसते. दोन कंपन्यांच्या वह्या पानांवर तोल: १७२ पानी ५० ला म्हणजे पानाला २९ पैसे, १४० पानी ४२ ला म्हणजे ३० पैसे. स्वस्त दिसणारी वहीच महाग निघाली.

एक वही उघडून मधल्या पानावर जेल पेननं दोन शब्द लिही आणि पान उलटून बघ. शाई पलीकडं उमटली तर एकाच बाजूला लिहिता येणार आणि वह्या दुप्पट लागणार. मधल्या पिनाही चाचपून घे. टोकं नीट वळलेली नसली तर पानं सुटतात.

पोरं अनुदानित शाळेत आहेत ना? मग आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तकं शाळेतूनच मोफत मिळतात, ती यादीतून काढ. आणि वह्या सगळ्या आत्ताच घेऊ नकोस. शाळा सुरू झाल्यावर एखादे सर वेगळीच वही सांगतात, आणि परत करताना मोफतच्या वहीचे पैसे कापून घेतात. बिल जपून ठेव.

यादी पाठव, प्रत्येक वहीचा प्रकार आणि पानं लिहून. महाद्वार रोडचा डझनाचा भाव विचारून तुला कळवतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विजय