छायाचित्रासोबत मोजपट्टी आणि नोंदही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वस्तुसंग्रहालयांतील वस्तूंची छायाचित्रे काढून त्यांचे डिजिटल जतन करण्याचे काम आता अनेक ठिकाणी हाती घेतले जात आहे, याचा मनापासून आनंद वाटतो. मात्र या कामाची प्रगती बहुतेक वेळा ‘आज किती वस्तू झाल्या’ एवढ्यावरच मोजली जाते आणि त्या घाईत, ज्यासाठी हा खटाटोप करायचा तेच हातून निसटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालयाला २ सप्टेंबर २०१८ रोजी आग लागली आणि सुमारे दोन कोटी नमुने व वस्तूंच्या तेथील संग्रहाचा फार मोठा भाग एका रात्रीत नष्ट झाला. त्यानंतर तेथील विद्यार्थ्यांनी, ज्यांच्याकडे या वस्तूंचे फोटो असतील त्यांनी ते पाठवावेत, असे जाहीर आवाहन केले. त्या धडपडीविषयी आदरच वाटतो. पण प्रेक्षकाने काचेबाहेरून काढलेल्या फोटोत वस्तूची मागची बाजू नसते, तळ नसतो, आकाराचा अंदाज येत नाही आणि रंगाचा भरवसा नसतो. जी वस्तू आज सुखरूप आपल्यापाशी आहे, तिची प्रतिमा तरी अशी अर्धवट राहू नये.

झिजलेल्या नाण्याचेच पाहा. समोरून प्रकाश टाकला तर ते नुसती चकाकती चकती दिसते. तोच दिवा खाली आणून प्रकाश जवळजवळ पृष्ठभागाला घासून जाईल इतका तिरपा टाकला, की पुसट अक्षरांच्या कडांना सावली धरते आणि लेख वाचता येऊ लागतो. दिव्याची दिशा बदलली की आधी न दिसलेले एखादे अक्षर वर येते, त्यामुळे एकाच नाण्याच्या चार दिशांनी चार प्रतिमा घेणे ही चैन नव्हे. वार्निश केलेल्या तैलचित्राचे याच्या उलट असते; तेथे चकाकी घालवायची असते आणि त्यासाठी दिव्यांवर व लेन्सवर ध्रुवण फिल्टर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणारी काच) लावून त्यांचे अक्ष परस्परांशी काटकोनात ठेवावे लागतात. सगळ्या वस्तू एकाच टेबलावर, एकाच प्रकाशात उरकणाऱ्याला हे कधीच साधणार नाही.

चौकटीत वस्तूबरोबर नोंदणी क्रमांक, मोजपट्टी आणि रंगपट्टी (ठरावीक रंगांचे नमुने असलेली पट्टी) असलीच पाहिजे. रंगपट्टी नसेल, तर काळाने पिवळा पडलेला कागद आणि पिवळ्या दिव्याखालचा पांढरा कागद यांतला फरक पुढे पडद्यावर कोणालाही सांगता येणार नाही. प्रतिमा देखणी दिसावी म्हणून संगणकावर तडे आणि डाग पुसण्याची सवय तर फारच घातक आहे, कारण तडा वाढला की नाही हे काही वर्षांनी संवर्धकाला त्या मूळ प्रतिमेवरूनच ठरवायचे असते.

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ मध्ये रेम्ब्राँच्या ‘नाइट वॉच’ या चित्राची ७१७ गिगापिक्सेलची (एक गिगापिक्सेल म्हणजे शंभर कोटी बिंदू) प्रतिमा ८,४३९ छायाचित्रे जोडून तयार केली. हे प्रत्येकाला शक्य नाही आणि त्याची सगळीकडे गरजही नाही. भक्कम स्टँड, दोन चांगले दिवे आणि शिकवून तयार केलेली दोन माणसे एवढ्या बळावर लहान संग्रहालयातही उत्तम काम होऊ शकते. ते एकदाच आणि नीट व्हायला हवे, कारण प्रत्येक वेळी वस्तू उचलताना ती हातून निसटण्याचा, खरचटण्याचा धोका असतो, आणि जुनी वस्त्रे व हस्तलिखिते तर प्रकाशानेही विटतात.

प्रतिमा साठवण्याकडेही असेच लक्ष हवे. कॅमेऱ्यातील मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली माहिती) आणि तिच्यावरून केलेली, तपशील न गमावणारी टिफ फाइल जपावी. जेपेग संकेतस्थळापुरती ठीक आहे, पण तिच्यात काही तपशील कायमचा जातो. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन हार्ड डिस्कना दोन प्रती म्हणता येणार नाही. एक प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या गावी असावी आणि फाइली बिघडल्या नाहीत ना, हे ठरावीक काळाने चेकसमने, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला आकडा आधीच्या आकड्याशी ताडून, तपासावे.

हे काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवताना संग्रहालयांनी करारातच लिहून घ्यावे, की वस्तूच्या सर्व बाजू, मोजपट्टी, रंगपट्टी, नोंदणी क्रमांकाच्या नावाची मूळ फाइल आणि प्रकाशयोजनेची टिपणे हाती आल्याखेरीज ती वस्तू पूर्ण झाली असे धरले जाणार नाही आणि तिचे पैसेही दिले जाणार नाहीत.

आपला,
एक वाचक