चौकोनी हिऱ्याचे कोपरे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेले साखरपुड्याच्या अंगठ्यांचे फोटो पाहिले. आईनंही पाहिले. तिला तिसरी आवडली, पण हिऱ्यामुळं नव्हे, खालच्या पट्टीवरच्या नक्षीमुळं, हे आधीच सांगून ठेवतो. फोनवर हा विषय धड होत नाही. तू ऑफिसात असतोस आणि इथं उद्यमनगरात शेजारच्या शेडमधली हॅकसॉ सुरू झाली की मला तुझं एक अक्षर ऐकू येत नाही. म्हणून लिहायला बसलोय.

गोल नको, चौकोनी हिरा हवा, इथवर माझी काही हरकत नाही. उलट मला चौकोनच पटतो. हिऱ्याचा कच्चा खडा बऱ्याचदा अष्टफलकी असतो, म्हणजे दोन चौकोनी पिरॅमिड बुडाला बूड लावल्यासारखा. तो मध्याच्या आसपास कापला की दोन चौकोनी बुडाचे तुकडे मिळतात. त्यातून गोल हिरा काढायचा तर कोपरे घासून भुकटी करावी लागते. खड्याचं साधारण निम्मं वजन, कधी त्याहून जास्त, तिथंच जातं. प्रिन्सेस कटमध्ये, म्हणजे टोकदार कोपऱ्यांच्या चौकोनी घडणीत, बराच माल वाचतो. त्यामुळं त्याच वजनाचा आणि त्याच प्रतीचा चौकोनी हिरा गोलापेक्षा सहसा स्वस्त पडतो. यात फसवणूक नाही, स्क्रॅप कमी निघतो एवढंच.

आता तुझा 'एक कॅरेट'चा हट्ट. कॅरेट हे वजन आहे, 0.2 ग्रॅम. बोटावर दिसतं ते वजन नव्हे, मिलिमीटर. एक कॅरेटचा चांगला गोल हिरा वरून साडेसहा मिलिमीटरच्या आसपास दिसतो, आणि एक कॅरेटचा प्रिन्सेस बाजूला साडेपाच. क्षेत्रफळ काढलंस तर गोल 33 चौरस मिलिमीटर आणि चौकोन 30. म्हणजे चौकोन थोडा लहानच, मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पावणेआठ भरतो, म्हणून डोळ्याला तो लहान वाटत नाही. गोम हिऱ्याच्या उंचीत, म्हणजे खोलीत आहे. सर्टिफिकेटवर तीन मापं दोन दशांशांपर्यंत दिलेली असतात, तू ती बघितलीसुद्धा नसणार. एका हिऱ्याचं माप 5.52 × 5.49 × 3.98 आहे समज आणि दुसऱ्याचं 5.20 × 5.18 × 4.48. दोन्ही एक कॅरेटचेच. पण दुसऱ्याचं वजन खाली पोटात लपलंय. पैसे पूर्ण द्यायचे आणि तो भाग कोंदणाच्या आत, कुणाला न दिसणारा. उंचीला रुंदीनं भाग दे: पहिल्याची खोली साडेबहात्तर टक्के, दुसऱ्याची साडेशहाऐंशी. प्रिन्सेसमध्ये पंचाहत्तरच्या वर जाऊ लागला की मी तरी हात आखडता घेईन. लांबी भागिले रुंदी 1.05 च्या आत असेल तर डोळ्याला चौरस दिसतो, त्यापुढं आयतासारखा वाटायला लागतो. हा हिशेब तुला सातवीत असल्यापासून येतोय.

आणि एक. जीआयए म्हणजे हिरे तपासून सर्टिफिकेट देणारी अमेरिकेतली संस्था. गोल ब्रिलियंट हिऱ्याला ती कटची प्रत देते, एक्सलंट, व्हेरी गुड वगैरे. चौकोनी हिऱ्याला तशी प्रत ती देत नाही. तेव्हा दुकानदार 'साहेब, कट एक्सलंट आहे' म्हणाला तर सर्टिफिकेटवर नीट वाच. तिथं तो शब्द पॉलिशपुढं नाहीतर सिमेट्रीपुढं असणार. आणि नाव 'प्रिन्सेस' असं शोधू नकोस, जीआयए त्याला 'स्क्वेअर मॉडिफाइड ब्रिलियंट' लिहिते. चकाकी कशी आहे ते शेवटी हिरा हलवून डोळ्यांनीच बघायचं. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली काचसुद्धा चमकते. दारात, उजेडात घेऊन ये, मग बघ.

माझं खरं म्हणणं कोपऱ्यांबद्दल आहे.

तू म्हणालास, 'आण्णा, हिरा तुटतो होय?' रोजच्या वापरात तो घासला जात नाही हे खरं, कठीणपणा मोजायच्या मोह्स मापावर तो दहापैकी दहा. पण कठीण असणं वेगळं आणि मार सोसणं वेगळं, हे तू आपल्या शेडमध्ये हत्यारांच्या कार्बाइडच्या टिपा फुटताना बघून शिकायला हवं होतंस. हिऱ्याच्या आत ठरावीक दिशा असतात, त्या दिशेनं टोला बसला की तो सरळ फुटतो. जुने कारागीर याच गुणावर हिरा फोडायचे. कलिनन हिरा 1905 साली दक्षिण आफ्रिकेत सापडला, 3106 कॅरेटचा. तो 1908 मध्ये ॲमस्टरडॅमच्या ॲशर मंडळींकडं फोडायला दिला. खाच पाडली, पातं ठेवलं, वर टोला घातला, तर पहिल्यांदा पातंच मोडलं असं सांगतात. पुढं मात्र हिरा हवा तसा फुटला. ही गोष्ट मी कितीदा वाचली तरी माझं लक्ष त्या पात्याकडंच जातं. कसलं स्टील असेल, किती कडक केलं असेल. असो.

प्रिन्सेसचे चारही कोपरे टोकदार असतात. कास्टिंगमध्ये आतला कोपरा रेडियस, म्हणजे गोलाई, न देता सोडला की तडा तिथूनच जातो, हे तुला सांगायला नको. हिऱ्यात बाहेरचा कोपरा तसा. सगळ्यात पातळ जागा तीच, आणि दाराच्या कडीला, गॅसच्या ओट्याला, गाडीच्या हँडलला पहिल्यांदा आपटणारी जागाही तीच. म्हणून प्रिन्सेस घेणार असशील तर कोपऱ्याकोपऱ्यावर इंग्रजी व्हीच्या आकाराची नखी, म्हणजे हिरा धरणारं सोन्याचं टोक हवं, कोपरा पूर्ण झाकणारं. तू पाठवलेल्या पहिल्या फोटोत नख्या बाजूंच्या मधोमध आहेत आणि कोपरे उघडे. दिसायला सुरेख आहे. मी ती घेणार नाही.

दुसरा मार्ग ॲशर कटचा. त्याच घराण्यातल्या जोसेफ ॲशरनं 1902 मध्ये काढलेला. चौकोनच, पण कोपरे चांगले छाटलेले, त्यामुळं वरून अष्टकोनी भासतो. पैलू पायऱ्यांसारखे, एकात एक चौकोन उतरत गेलेले. आत बघितलं की आपल्या जुन्या वाड्यातल्या चौकातून वर बघितल्यासारखं वाटतं. प्रिन्सेससारखा तो लखलख करत नाही. हात हलला की एकेक पायरी उजळते आणि विझते. मला हा जास्त आवडला, आणि तुझ्या आईला 'विझलेला' वाटला. त्याचा दोष हा की मोठ्या सपाट पैलूंतून आतलं सगळं दिसतं. प्रिन्सेसमध्ये एखादा काळा ठिपका चकाकीत लपून जातो, ॲशरमध्ये तो मधोमध बसलेला असला तर जन्मभर तोच दिसणार. म्हणून ॲशरला स्वच्छतेच्या प्रतीत व्हीएसच्या (आतले डाग भिंगातूनच दिसतील अशा प्रतीच्या) खाली उतरू नकोस. रंगही त्यात जास्त कळतो, पण पिवळ्या सोन्यात बसवणार असाल तर रंगाची एच प्रत पुरे, त्यावर पैसे उधळायची गरज नाही.

निवड मात्र माझ्या आवडीनं करू नकोस आणि तुझ्याही नको. आमच्या होणाऱ्या सूनबाईंचं, डॉक्टरीणबाईंचं काम बघ. दिवसभर दातांच्या खुर्चीशेजारी, पेशंट बदलला की हातमोजे बदल, हात धुऊन पुन्हा नवे. अंगठी काढूनच ठेवावी लागणार, म्हणजे रोज काढ-घाल, आणि घाईत ती ड्रॉवरमध्ये नाहीतर पर्समध्ये किल्ल्यांबरोबर पडणार. तिथं उंच उभारलेला टोकदार हिरा काय कामाचा? बसकं कोंदण, छाटलेले कोपरे, आणि बरोबर एक छोटी वेगळी डबी. वेगळी अशासाठी की हिरा शेजारच्या सोन्याला आणि दुसऱ्या खड्यांना ओरखडे पाडतो, तिच्या आईनं दिलेल्या बांगड्यांनासुद्धा.

तुला सरप्राइज द्यायचंय हे आईनं सांगितलं. अरे, साखरपुडा ठरलाय, हॉल बघून झालाय, तिच्या मामांनी मेनूसुद्धा बदलून घेतला, आता कसलं सरप्राइज? तरी हौस असेल तर असं कर. हुपरीत माझ्या ओळखीचे एक कारागीर आहेत, चांदीत काम करतात. त्यांच्याकडून साडेपाच मिलिमीटरचा चौकोनी अमेरिकन डायमंड बसवून चांदीची साधी अंगठी करून घेऊ. ती तिला आठवडाभर घालायला दे. कुठं अडकते, केसात गुंतते का, बोटावर फिरते का, ते तिलाच कळेल. मापही पक्कं होईल. फक्त माप संध्याकाळी घ्या, सकाळी बोट बारीक असतं. खरी अंगठी मग तू लपवून ठेव हवी तितके दिवस.

सोन्याचं थोडक्यात. आई म्हणते बावीस कॅरेटच हवं (सोन्यात कॅरेट म्हणजे वजन नव्हे, शुद्धता). तिचं कोल्हापुरी साजापुरतं बरोबर आहे, तो आपण गुजरीतल्या सराफाकडंच करणार आणि बावीसमध्येच. पण बावीसचं सोनं मऊ, त्याच्या नख्या हिरा धरून ठेवायला लवकर वाकतात. हिऱ्याच्या अंगठीला अठरा कॅरेट, आत 750 चा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक. तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघ. त्या हॉलमार्कनं सोन्याची शुद्धता कळते, हिऱ्याबद्दल तो काही सांगत नाही. त्यासाठी सर्टिफिकेट वेगळं, आणि त्याचा नंबर हिऱ्याच्या कडेवर लेसरनं कोरलेला असेल तर भिंगातून जुळवून बघायचा. बिलात सोन्याचं निव्वळ वजन, हिऱ्याचं वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घे. हिरा सोन्याच्या काट्यावर तोलून त्याचे सोन्याच्या भावानं पैसे लावलेले मी पाहिलेत.

लॅबमधल्या हिऱ्याचं विचारलं होतंस. तोही कार्बनच, तीच घडण, तेवढाच कठीण. नुसत्या डोळ्यांनी सराफालाही ओळखता येत नाही, त्याला यंत्र लागतं. सुरतेत ढिगानं होतात. जून 2023 मध्ये पंतप्रधान मोदींनी अमेरिकेत तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडेन यांना दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा लॅबचाच होता. भाव खाणीतल्याच्या मानानं खूप कमी आणि अजून उतरतोय, तेव्हा पुढं विकून पैसे येतील असं धरू नकोस. खाणीतला घेतलास तरी मोडायला गेल्यावर सोन्यासारखा भाव मिळत नाहीच. पाडव्याला आपण वळं घेतो ती बचत. ही बचत नव्हे. मला विचारशील तर लॅबचा घे, स्वच्छ आणि नीट कापलेला, आणि उरलेल्या पैशांत तुमच्या फ्लॅटचा एखादा हप्ता भर. पण हे तिला आधी स्पष्ट सांग. उद्या तिच्या मावशीनं विचारलं आणि तिला दुसऱ्याकडून कळलं तर तिथं मी मध्ये पडणार नाही.

पैसे भरण्याआधी सर्टिफिकेटचा फोटो मला पाठव, मापांच्या ओळीसकट. रविवारी येणार असशील तर शुक्रवारपर्यंत कळव, म्हणजे हुपरीला फोन करून ठेवतो.

तुझे,
आण्णा