तिने कागद कुठून आणला?

दादर, मुंबई

प्रिय नंदा,

लालबागच्या तुमच्या मंडळात बायकांनी बायकांचं लिखाण एकत्र वाचायचं ठरवलंत, हे कळल्यापासून मन त्यातच आहे. तू यादी मागितलीस. यादी पाठवणं सोपं आहे, पण नुसत्या यादीवर अशी मंडळं तिसऱ्या बैठकीलाच बंद पडतात. म्हणून सविस्तरच लिहिते.

आधी दिवस. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून सुरुवात करायचं मनात असेल तर नको. त्या दिवशी चाळीतल्या विधवा येत नाहीत, आल्या तरी दाराशी घुटमळतात. आपण जे वाचणार त्यातलं निम्मं त्यांच्याबद्दलचं आहे, आणि त्याच बाहेर राहतील. रविवारही टाळ. मुली-सुना डोंबिवली-कल्याणला राहायला गेल्यात आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. शनिवारी दुपारी तीन ते पाच बरं. दुपारची भांडी झालेली असतात, रात्रीचा स्वयंपाक लागायचा असतो. कोणाकडे पाणी कधी येतं ते मात्र आधी विचार, नाहीतर साडेचारला निम्म्या जणी उठतील.

बारा जणी पुष्कळ झाल्या. एका बैठकीला चार पानं, त्याहून जास्त नकोत. झेरॉक्स मोठ्या अक्षरात काढ, कारण पन्नाशीच्या पुढच्या बायका चष्मा घरी विसरल्याचं सांगतात आणि खरं कारण बारीक टाईप असतो. वाचन मोठ्याने, पण ज्यांना वाचायचं त्यांनीच. पाळी लावलीस तर जिला नीट वाचता येत नाही ती पुढच्या वेळी येणार नाही, आणि का येत नाही हेही सांगणार नाही. पुस्तकाची एक प्रत मंडळाने विकत घ्यायची. सगळीच्या सगळी झेरॉक्स हे लेखिकेवर अन्याय करणं आहे.

आता क्रम. १८८२ पासून, म्हणजे ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकापासून, सुरुवात करू नकोस. जुन्यापासून निघालं की पहिल्याच दिवशी फोटोला हार, अध्यक्षांचं भाषण, आणि पान उघडायचं राहतं. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’ या आत्मकथनापासून निघ (२००३). तुमच्यातल्या कितीतरी जणी रत्नागिरीच्या, तिथलं बोलणं त्यांना घरचं वाटेल. आई बांबूची आयदानं, म्हणजे टोपल्या-सुपं, विणून घर चालवते, मुलगी शिकते, मुंबईत नोकरी-संसार सांभाळून लिहिते, आणि तिच्या लिहिण्याला खुद्द घरातच विरोध होतो. ही पानं वाचल्यावर ‘कसं वाटलं?’ असं विचारू नकोस. त्यावर ‘छान’ एवढंच येतं. हे विचार: तिला लिहायला वेळ कुठून मिळाला? कागद कुठून आणला? छापायला पैसे कोणी दिले? नाव कोणाचं घातलं? ती हे कोणाला सांगतेय? प्रत्येक पुस्तकाला हेच पाच प्रश्न लाव. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. आपल्याकडे बायकांचं लिखाण म्हणजे दुःखाचा हुंदका असं धरून वाचतात, डोळे पुसतात आणि पुस्तक मिटतात. त्या रडत नव्हत्या गं, युक्तिवाद करत होत्या, आणि त्यासाठी एकेक गोष्ट जमवत होत्या.

दुसऱ्या बैठकीला बेबी कांबळे यांचं आत्मकथन ‘जिणं आमुचं’. फलटणच्या छोट्याशा दुकानात बसून त्यांनी ते लिहिलं आणि लिहिलेलं वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. त्यात महारवाड्यातल्या सुनांच्या छळाचं वर्णन आहे आणि नेमकी तिथे बैठक घसरते. वरच्या जातीतली एखादी हळूच म्हणते, ‘त्यांच्यात असं असतं.’ त्याची तयारी आधीच करून ठेव. त्याच दिवशी ब्राह्मण विधवांच्या केशवपनाबद्दलचं एखादं पान सोबत वाचा, म्हणजे ‘त्यांच्यात’ म्हणायला जागा उरत नाही. बेबीताईंनी दोन आघाड्यांवर लिहिलं. गावाने जातीसाठी केलेला छळ आणि घरात सासूने, नवऱ्याने केलेला छळ, दोन्ही. एकावर बोट ठेवून दुसरं झाकू देऊ नकोस.

मग ताराबाई शिंदे. बुलढाण्याच्या. ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांच्या नीतीवर चिखलफेक सुरू झाली, त्याला हे उत्तर. वाक्यं लांबलचक, विरामचिन्हं कमी. आदल्या दिवशी पेन्सिलने श्वास घ्यायच्या जागा खुणावून ठेव, नाहीतर वाचणारी मध्येच अडकते आणि ऐकणाऱ्यांना वाटतं की आपल्यालाच कळत नाही. बायको मेली तर पुरुष दाढीमिशा भादरून रानात का जाऊन राहत नाहीत, असं त्या विचारतात, तो भाग नक्की घे. खोली हसते आणि लगेच गप्प होते. ती शांतता मोडायला जाऊ नकोस. नंतर सांग, की टीका झाली तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने लिहायला उभे राहिले, आणि तरीही पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं. त्र्याण्णव वर्षं!

रखमाबाईंना दोन बैठकी दे. त्या आपल्या मुंबईच्याच. अकराव्या वर्षी लग्न, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात तो निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तुरुंग पत्करेन, असं त्यांनी कळवलं. बऱ्याच जणींना वाटतं त्या तुरुंगात गेल्या. तसं झालं नाही. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, पुढे लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या. खटला चालू असताना ‘अ हिंदू लेडी’ या नावाने टाइम्स ऑफ इंडियात त्यांची पत्रं आली. तिथे ‘नाव कोणाचं घातलं?’ हा प्रश्न विचार आणि थांब.

दुसरी बैठक आजच्या कायद्यावर घे. नांदायला बोलावण्याचा दावा अजून आहे, हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ९. आता तुरुंग नाही, हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. अशी नोटीस आली की घाबरून ती डब्यात ठेवून देतात, आणि तिथेच चूक होते. हजर राहिलं नाही तर एकतर्फी निकाल होतो आणि त्यानंतर वर्षभर एकत्र राहणं झालं नाही तर तेच घटस्फोटाचं कारण बनतं. वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. बाईला उत्पन्नाची अट नाही.

विभावरी शिरूरकर सहाव्या बैठकीला. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ चं. मिळवत्या मुलीच्या पगारावर बापाचा संसार उभा, म्हणून तिचं लग्न लांबतं. आपल्या गिरणगावात गिरण्यांच्या संपानंतर ज्या मुलींनी घरं ओढली, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. विभावरी म्हणजे मालतीबाई बेडेकर, हे वाचकांना पुष्कळ नंतर कळलं.

उरलेल्या दोन बैठकी बायकांच्या स्वतःच्या लिहिण्याला. दहा ओळी, नाव घालायची सक्ती नाही.

आता एक अवघड गोष्ट. कोणीतरी घरातल्या मारहाणीबद्दल बोलेल. ‘इथलं बोलणं बाहेर जाणार नाही’ असं वचन देऊ नकोस, चाळीत ते कोणालाच पाळता येत नाही. पुस्तकातल्या बाईबद्दल बोला, असं सांग. तेवढ्या आडोशाने पुष्कळ बोललं जातं. जी नंतर एकटी भेटेल तिला ‘इतकी वर्षं का सोसलंस?’ असं विचारायचं नाही आणि ‘घर सोड’ असंही म्हणायचं नाही. मुंबईत खोली एकदा सुटली की सुटली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात खोली तिच्या नावावर नसली तरी तिथे राहायचा हक्क आहे, कलम १७. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा स्वतः मॅजिस्ट्रेटकडे कलम १२ खाली अर्ज करता येतो, आधी पोलिसांत गुन्हा नोंदवलाच पाहिजे असं नाही. दवाखान्यात ‘पडले’ म्हणू नये, खरं कारण केसपेपरवर लिहून घ्यावं आणि त्याची प्रत माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवावी. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर खोलीच्या दारामागे लाव, समोरच्या भिंतीवर नको. वर बघून नंबर उतरवणारी बाई सगळ्यांना दिसते.

‘आयदान’मधली पानं तू निवड आणि मला कळव. ताराबाईंची चार पानं मी खुणा करून पुढच्या आठवड्यात पाठवते.

तुझी,
शैला